गडगे, बोगदे आणि समुद्र : इटलीतल्या एका गावाची रेल्वेसफर

इटलीला जाऊन येणारी आपल्याकडची मंडळी रोम, व्हेनिस आणि पिसाचा कललेला मनोरा पाहून परततात. सहल कंपन्यांचा कार्यक्रमच तसा ठरलेला असतो. आम्ही दोघी मैत्रिणी गेल्या मे महिन्याच्या सुटीत गेलो त्या कुठल्याही कंपनीबरोबर नव्हे. मैत्रिणीचा मुलगा मिलानला शिकतो. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात आमचा मुक्काम होता. आठ दिवस आम्ही त्याला खिमा, पुलाव, तांदळाची भाकरी खाऊ घातली. नवव्या दिवशी तो म्हणाला, "अम्मी, खाला, माझी परीक्षा जवळ आली आहे. तुम्ही दोघी दोन दिवस रेल्वेने समुद्रावर जाऊन या." घरातून बाहेर काढण्याची ही त्याची अदब होती हे आम्हाला कळत होते. पण समुद्राचे नाव काढल्यावर कोकणातल्या बायका नाही कशा म्हणतील?

त्याने सुचवलेल्या भागाचे नाव चिंक्वे तेर्रे. शब्दशः अर्थ पाच भूमी. म्हणजे पाच गावे : मोन्तेरोस्सो, वेरनात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे, जिनोआ ही त्याची राजधानी. जिनोआपासून ला स्पेझिया या बंदरापर्यंत डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि त्या उतारावरच्या घळींत ही गावे बसली आहेत. आमचा बेत त्यांतल्या वेरनात्साचा होता. राहायला मात्र आम्ही अलीकडचे लेवान्तो निवडले, कारण वेरनात्सातल्या खोल्यांचे भाडे ऐकून मैत्रिणीने दोनदा शून्ये मोजली होती.

दोघी बायका एकट्या कशा गेलात, हे परतल्यावर पुष्कळांनी विचारले. तिकिटे मुलाने काढून दिली, भाकऱ्या आम्ही बांधून घेतल्या, बाकीचे रेल्वेने सांभाळले. इतकेच त्याचे उत्तर आहे. तरी जाणाऱ्या भगिनींसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. तिथे साध्या गाडीचे कागदी तिकीट नुसते काढून भागत नाही, फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. तो नसला तर तिकीट असूनही दंड होतो. आणि जिनोआहून पुढे जाताना उजवीकडची खिडकी धरावी, समुद्र त्या बाजूला आहे.

मिलान सुटले की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना भातखाचरे लागतात. हे आम्हाला अगदीच अनपेक्षित होते. मे महिन्यात खाचरांत पाणी भरलेले असते, बगळे उभे असतात, आणि मागे धुक्यात पोपलरची झाडे. पाव्हिया आणि पो नदीच्या खोऱ्याचा हा सगळा पट्टा इटलीचे भाताचे कोठार आहे. मिलानची प्रसिद्ध रिसोत्तो याच तांदळाची. मैत्रीण खिडकीला नाक लावून बसली होती. बांध सरळ आखलेले, एकेक खाचर आपल्या दहा-दहा खाचरांएवढे. "इथे लावणीला किती बायका लागत असतील?" तिने विचारले. लागत असत, हे आम्ही वाचले होते. एकेकाळी शेकडो बायका इथे पाण्यात उभ्या राहून भातातले तण काढायच्या. आता यंत्रे आहेत.

पो ओलांडली की सपाटी संपते, आपेनाईन डोंगर येतात, बोगदे सुरू होतात आणि दोनेक तासांत गाडी जिनोआला उतरते. उतरते हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. शहर डोंगरावरून बंदरात ओतल्यासारखे दिसते.

जिनोआला गाडी बदलायला दोन तास होते. जुन्या बंदराजवळच्या अरुंद गल्ल्यांत मोरोक्को, सेनेगल, बांगलादेशहून आलेल्यांची दुकाने आहेत, हलाल मटणाच्या पाट्या आहेत. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला मात्र या शहरात भूक वेगळीच लागते. इथे पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतात. बंदरातल्या जुन्या गोदीचे नाव दारसेना. ते अरबीतल्या 'दारुस्सिनाआ'वरून आले, म्हणजे कारागिरीचे घर. इंग्रजीतला आर्सेनल त्याच घराण्यातला. कोठाराला मागाझिनो म्हणतात, तो आपला मखझन. लिमोने म्हणजे लिंबू, अरबी-फारसीतला लीमू. आग्नेयेकडून येणाऱ्या उष्ण वाऱ्याला शिरोक्को म्हणतात, त्यात शर्क म्हणजे पूर्व दिशा आहे. आणि सगळ्यांत गंमत वाटली ती 'कामाल्लो' या शब्दाची. जिनोआच्या गोदीत ओझी वाहणाऱ्या कामगाराला तिथली बोली कामाल्लो म्हणते. अरबी हम्माल. भाऊच्या धक्क्यावरचा हमाल आणि जिनोआच्या गोदीतला कामाल्लो एकाच शब्दाचे दोन भाऊ आहेत, एक पूर्वेला आला, एक पश्चिमेला गेला.

शब्द असे उगाच प्रवास करत नाहीत. अंदलूसचे मुसाफिर इब्ने जुबैर 1183 साली हजला निघाले तेव्हा सबताहून इस्कंदरियाला गेले ते जिनोआच्या जहाजाने, आणि परततानाही अक्काहून त्यांनी जिनोआचेच जहाज पकडले. क्रुसेडची युद्धे चालू होती, तरी हाजी, ख्रिस्ती यात्रेकरू आणि व्यापारी एकाच जहाजावर बसत होते. ते परतीचे जहाज सिसिलीजवळ मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत फुटले. इब्ने जुबैर बचावले आणि त्यांनी सफरनामा लिहिला, म्हणून हे आपल्याला माहीत आहे.

पुढची गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबणारी होती. कामोल्यी, सांता मार्गेरिता, रापाल्लो, क्यावारी. रापाल्लोला समुद्रातच एक छोटा किल्ला उभा आहे. 1549 साली तुर्गुत रईस या उस्मानी दर्यावर्दीने हे गाव लुटले, त्यानंतर तो बांधला गेला. या किनाऱ्यावर जिथे जिथे जुना बुरूज दिसतो, तिथे तो 'सारासेनी' चाच्यांसाठी होता असे सांगतात. सारासेनी म्हणजे आपण. ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. जिनोआच्या गलबतांवर वल्ही मारायला साखळदंडाने बांधलेले गुलामही मुसलमान असत, हे त्या बुरुजाशी कोणी सांगत नाही. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही संपले आहे.

जोहरची नमाज आम्ही गाडीतच बसून पढलो. मुसाफिरीची कसर. फोनवरच्या होकायंत्राने किब्ला आग्नेयेला दाखवला, आणि गाडीही किनाऱ्याच्या कडेने जवळजवळ त्याच रोखाने चालली होती. समोर तोंड करून बसलेल्याला वळावेसुद्धा लागले नाही.

सेस्त्री लेवान्ते सोडल्यावर मात्र खिडकी मिटल्यासारखी होते. बोगदा, मग एक श्वासभर उजेड, त्यात निळे पाणी आणि एखादी होडी, पुन्हा बोगदा. मैत्रिणीने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. कोकण रेल्वे आमच्या कॉलेजच्या वयात, 1998 साली, पूर्ण सुरू झाली. तेव्हा करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात डब्यातल्या सगळ्या बायका कलमा पढायला लागल्या होत्या, ती आठवण दोघींना एकदमच झाली. इथली रेल्वे मात्र 1874 सालची. डायनामाइट नुकतेच आले होते. बरेचसे काम पहार, फावडे आणि सुरुंगाच्या दारूवर झाले. समुद्र एका बाजूला आणि सुटा कातळ दुसऱ्या बाजूला. त्याआधी या पाच गावांत जायचे ते होडीने किंवा खेचराच्या पायवाटेने. वादळ असले तर होडीही नाही.

लेवान्तो हे साधे, राहते गाव निघाले. शाळा सुटलेली मुले, भाजीची गाडी, बाकावर बसलेले म्हातारे. आमची खोली एका वृद्ध बाईंच्या घरात होती. एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण प्रवास करणाऱ्या प्रत्येक मुसलमान बाईला तिचे मोल कळेल. युरोपात सगळीकडे संडासात कागद असतो आणि आपण बाटली घेऊन हिंडतो. इटलीत घरोघरी बिदे असतो, बसून पाण्याने धुण्याचे वेगळे भांडे. 1975 सालच्या सरकारी आदेशानुसार घराच्या न्हाणीघरात तो असायलाच हवा. मैत्रिणीने इटलीच्या सरकारला तिथल्या तिथे दुआ दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेरनात्सा. लेवान्तोहून दुसरेच स्टेशन, दहा मिनिटांचे अंतर. गाडी मुंबईच्या लोकलसारखी भरलेली होती, फरक इतकाच की सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या आणि हातात फोन. मार्च ते ऑक्टोबरच्या हंगामात या गावांदरम्यान लागोपाठ गाड्या सोडतात आणि तिकिटाचा दरही चढा असतो. वेरनात्साला फलाटाची जागा दोन डोंगरांच्या मधल्या घळीएवढीच, त्यामुळे काही डबे बोगद्यातच थांबतात. अंधारात उतरायचे आणि उजेडाकडे चालत जायचे.

स्टेशनाबाहेर पडले की एकच रस्ता. वरून खाली, समुद्रापर्यंत. दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, विटकरी रंगाची उंच अरुंद घरे, हिरव्या झडपांच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे. खाली छोटे नैसर्गिक बंदर, रंगवलेल्या होड्या, पाण्याला टेकून 1318 सालचे जुने चर्च, वर दोरिया घराण्याच्या किल्ल्याचा गोल बुरूज. मोटारी आत येत नाहीत. चित्रात दिसते तसेच आहे, आणि चित्र काढायला आलेल्यांनी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरू दिली नव्हती. अख्ख्या वेरनात्सा पंचायतीची वस्ती हजाराच्या आत आहे. पाहुणे वर्षाला लाखोंनी येतात.

पोटाची सोय सांगतो. मांस टाळले की फारशी अडचण येत नाही. फारिनाता मिळाली तर सोडू नये. बेसन, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ यांचे पातळ पीठ मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. आपला पोळाच, फक्त हळद-मिरचीविना. मैत्रिणीने पर्समधून लाल तिखटाची पुडी काढली, दुकानदाराने चव घेतली आणि डोळे पुसत अंगठा वर केला. फोकाच्चा नावाची जाड रोटी इथे ऑलिव्हच्या तेलाची करतात, तरी काही जण डुकराची चरबी घालतात, म्हणून 'स्त्रुत्तो' आहे का एवढे विचारावे. पेस्तो म्हणजे तुळशीच्या जातीचा बेसिलिको, लसूण, चिलगोझ्यासारख्या पाइनच्या बिया, चीज आणि तेल यांची हिरवी चटणी. तिच्यातल्या चीजला वासराच्या जठरातले विरजण लागते, ज्यांना त्याबद्दल शंका असेल त्यांनी बिनचीजची मागावी. मोन्तेरोस्सोच्या आच्युगे माशांची मोठी ख्याती आहे. आपल्या मांदेलीचे हे चुलतभाऊ. रात्री पकडून मिठाच्या थरांत बरणीत दाबून ठेवतात. खारवलेल्या मासळीचा वास सातासमुद्रापलीकडेही तोच असतो, हे आम्ही शपथेवर सांगतो.

खानावळीच्या मागच्या दाराशी बसून आम्ही फारिनाता खात होतो, तेव्हा भांडी धुणारा एक मुलगा बाहेर आला आणि ओढण्या पाहून सलाम केला. सिल्हेटचा. तोडकीमोडकी उर्दू बोलत होता. तो ला स्पेझियाला चौघांबरोबर एका खोलीत राहतो, सकाळच्या गाडीने येतो, रात्रीच्या शेवटच्या गाडीने जातो. इथेच खोली का घेत नाहीस, असे मैत्रिणीने विचारले. तो हसला. "आपा, इथे कोण राहतो? खोल्या सगळ्या पाहुण्यांच्या. मालकसुद्धा खाली शहरात राहतो. हिवाळ्यात या, संध्याकाळी किती खिडक्यांत दिवा लागतो ते मोजा." मग त्याने डोंगराकडे बोट दाखवले. "वर जा. खाली सगळे बघतात, वर कोणी बघत नाही."

कोर्निल्याकडे जाणारी पायवाट गावाच्या मागून चढते. ती राष्ट्रीय उद्यानाची वाट आहे, तिकीट लागते, आणि पातळ चपलांनी चढणाऱ्याला दंडही होऊ शकतो. अर्ध्या तासाची दमछाक झाल्यावर आम्ही मागे वळून पाहिले आणि तेव्हा कळले की ज्याला आपण डोंगर समजत होतो तो डोंगर नाहीच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत माणसाने रचलेल्या पायऱ्या आहेत. दगडाची भिंत, तिच्या मागे दोन-तीन हात रुंदीची माती, त्यावर द्राक्षाचे वेल किंवा ऑलिव्ह, पुन्हा भिंत. भिंतींत चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावासुद्धा नाही. नुसता दगडावर दगड.

"अगं, हा तर गडगा!" मैत्रीण ओरडली.

तिथे त्याला मुरेत्ति आ सेक्को म्हणतात, म्हणजे कोरड्या भिंती. जवळजवळ हजार वर्षे हे काम चालले. सगळ्या भिंती एकापुढे एक ठेवल्या तर हजारो किलोमीटर भरतील, असे तिथले लोक सांगतात. युनेस्कोने 1997 साली या पाच गावांना आणि शेजारच्या पोर्तोवेनेरेला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते रंगीत घरांसाठीच नव्हे, या माणसाने घडवलेल्या उतारासाठी. 1999 साली राष्ट्रीय उद्यान झाले. कोरड्या भिंती रचण्याच्या कलेला 2018 साली इटलीसह आठ देशांच्या नावे वेगळी मान्यता मिळाली. द्राक्षे मुख्यतः मद्यासाठी, ते आपल्या कामाचे नाही. पण ती माती टोपल्यांनी वर नेणारी, पिकलेली द्राक्षे डोक्यावरून खाली आणणारी माणसे, त्यांत बायका मोठ्या संख्येने, यांच्या कष्टाला सलाम न करता तिथून पुढे जाता येत नाही. आता काही ठिकाणी एकाच रुळावर चालणारी छोटी गाडी द्राक्षे उतरवते. खेळण्यातल्यासारखी दिसते, जवळजवळ उभ्या चढावर सरसर जाते.

गडग्याची खुबी कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. तो कोरडा असतो म्हणूनच टिकतो. पावसाचे पाणी दगडांच्या फटींतून झिरपून निघून जाते, मागे साचत नाही. चुन्याची भिंत बांधली तर पाणी तुंबून एक दिवस सगळी ढासळेल. पण गडग्याला दरवर्षी हात लागतो. एक दगड निसटला की त्याच पावसाळ्याआधी परत बसवायचा. नाही बसवला तर भिंतीला पोट सुटते, मग ती फुटते, वरची माती खालच्या भिंतीवर येते, ती फुटते. एकाच्या शेतात आळस झाला की खालच्या दहा जणांचे नुकसान.

आणि हात कमी कसे झाले? त्याच रेल्वेने. ला स्पेझियाला 1860 च्या दशकात इटलीच्या नौदलाची मोठी गोदी झाली. दारुस्सिनाआ, कारागिरीचे घर. रेल्वे आली तसे गावातले पुरुष सकाळच्या गाडीने गोदीत जाऊ लागले. महिन्याचा पगार, पेन्शन, डोक्यावर टोपली नाही. कोणी दोष द्यावा? काही जण अमेरिकेला गेले. मुले शहरात शिकली. वरच्या, लांबच्या पायऱ्या आधी सुटल्या, मग मधल्या. वेरनात्साच्या वर आम्ही पाहिले तर गावाजवळच्या शेतांत वेल नीट बांधलेले होते, आणि माथ्याकडे काट्यांच्या झुडपांतून भिंतींच्या नुसत्या रेषा दिसत होत्या.

25 ऑक्टोबर 2011 रोजी त्या डोंगरावर काही तासांत कित्येक महिन्यांचा पाऊस कोसळला. वेरनात्साच्या मुख्य रस्त्याखालून एक पऱ्या वाहतो, आपल्या वाड्यांतून वाहतो तसाच. त्याला वरून झाकून रस्ता केला आहे. डोंगरावरून चिखल, दगड, झाडे, मोटारी सगळे त्या अरुंद घळीतून खाली आले आणि ज्या रस्त्याने आम्ही आइस्क्रीम खात उतरलो तो पहिल्या मजल्यापर्यंत गाडला गेला. रस्ते तुटले, रेल्वे बंद पडली, लोकांना समुद्रातून होड्यांनी बाहेर काढावे लागले. रेल्वेच्या आधीचीच वाट शेवटी कामी आली. वेरनात्सात तिघांचा जीव गेला. शेजारच्या मोन्तेरोस्सोतही मृत्यू झाला. नंतर शास्त्रज्ञांनी उतार तपासले तेव्हा आढळले की दरडी जास्त सुटल्या त्या कसलेल्या शेतांतून नव्हे, तर कसायचे सोडून दिलेल्या पायऱ्यांतून.

मैत्रीण चिपळूणची. 22 जुलै 2021 च्या पुरात तिच्या यजमानांचे बाजारातले दुकान छतापर्यंत बुडाले होते. तिने एवढे ऐकून घेतले आणि काही बोलली नाही.

वळणावर एक म्हातारा भिंत दुरुस्त करत होता. बरोबर एक तरुण मुलगी हातोडीने दगड फोडत होती. अलीकडे गावकऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या संस्था ही कला नव्या मुलांना शिकवतात, त्यांतलीच ती असावी. आम्ही थांबलो. मैत्रिणीने ओढणी खोचली, एक दगड उचलला आणि भिंतीवर बसवला. लांब, देखणी बाजू बाहेर. म्हाताऱ्याने मान हलवली, दगड काढला, फिरवला आणि लांब बाजू आत घालून फक्त तोंड बाहेर ठेवले. मग मूठभर बारीक खडी मागे कोंबली. "माझे नाना असेच करायचे," मैत्रीण मराठीत म्हणाली. म्हातारा इटालियनमध्ये काहीतरी बोलला. मुलीने इंग्रजीत सांगितले : ते म्हणताहेत, दगड जेवढा दिसतो त्याहून जास्त आत असला पाहिजे. पुढचा तास मैत्रीण दगड देत होती आणि म्हातारा लावत होता. आम्ही सावलीत बसून दोघांचे फोटो काढले. कोणी तरी काढायला हवेत.

त्या तासात भिंतीची जेमतेम एक हात लांबी उभी राहिली.

खाली उतरताना तिने पर्समधला कागद दाखवला. मिलानला आल्यापासून तो तिच्या पर्समध्ये होता आणि आम्हाला ठाऊक नव्हता. हक्कसोडपत्राचा मसुदा. गुहागर तालुक्यात तिच्या वडिलांची वरकस जमीन आहे, खाडीकडे उतरणारी, नानांनी गडगे घालून काजू-आंबा लावलेली. दोन भाऊ, एक कुवेतला, एक केपटाउनला. घर पंधरा वर्षे बंद. आता कोणी हॉटेल बांधणारा गिऱ्हाईक आला आहे, किंमत चांगली देतो, आणि बहिणीने सही केली की काम सोपे होते. बहिणीने सही करायची असते, असे सगळेच समजून चालतात. वारशात तिचा हिस्सा शरीअतने ठरवून दिला आहे, पण भावाकडे माहेर राहावे म्हणून तो सोडायचा, हा आपल्या घराघरांतला रिवाज. भाऊ वाईट नाहीत. दर ईदला कपडे पाठवतात, पुरानंतर दुकान उभे करायला त्यांनीच पैसे दिले. म्हणूनच सही नाकारणे अवघड.

"जमिनीचे मी काय करणार गं?" ती म्हणाली. "मी चिपळुणात, मुलगा इथे. काजू वेचायला तरी कोण आहे?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. शेते सोडून गेलेल्या वेरनात्सातल्या माणसांकडेही नसावे.

परतताना आम्ही कोर्निल्याला उतरलो. पाचांत हे एकच गाव समुद्राला लागून नाही, शंभर मीटर उंच सुळक्यावर बसलेले आहे, आणि स्टेशनापासून वर जायला विटांच्या पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. तेहतीस वळणे. गुडघ्यांनी नकार दिला म्हणून आम्ही छोट्या बसने गेलो. तिथे गर्दी कमी होती, चौकात म्हाताऱ्या बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. रिओमाज्जोरे आणि मानारोला यांच्या मधली प्रसिद्ध प्रेमवाट पाहायची राहून गेली. तीही मूळची रेल्वेच्या बोगद्याच्या कामातून निघालेली पायवाट. 2012 साली दरड कोसळून पर्यटक जखमी झाले, तेव्हापासून ती बंद होती, आणि 2024 साली पुन्हा उघडेपर्यंत बारा वर्षे गेली. एवढीशी वाट, एक किलोमीटरसुद्धा नाही.

शेवटच्या सकाळी लेवान्तोहून बोनास्सोलाच्या दिशेने रेल्वेच्या जुन्या बोगद्यांतून चालत गेलो. मार्ग डोंगरात आणखी आत सरकवल्यावर समुद्राकाठचे हे बोगदे रिकामे झाले, आता त्यांत सायकली आणि पायी माणसे चालतात. आत गारवा, भिंतींतून पाणी ठिबकते, आणि मधेच एखाद्या कमानीतून समुद्र दिसतो. 1874 सालच्या विटा हाताला लागतात. पहाट होती, कोणीही नव्हते. मैत्रिणीने तिथे दोन रकात नफील पढली. दुआ बरीच लांबली.

मिलानच्या गाडीत समुद्र आता डावीकडे होता. गाडी सुटल्यावर तिने कुवेतला फोन लावला. सलाम झाला, मुलांची चौकशी झाली, मुलाच्या परीक्षेचे सांगून झाले. मग ती म्हणाली, "भाईजान, तो कागद अजून राहू दे. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात गावी जाणार आहे. पाऊस लागायच्या आत नानांचा गडगा बघून घ्यायचाय. दोन माणसं सांग तिकडे कोणाला तरी, मजुरी मी देईन."

पलीकडून मोठ्याने आवाज आला, आम्हालाही ऐकू आला : "कसला गडगा?"

"खालचा, पऱ्याकडचा," ती सांगू लागली, आणि बोगदा आला.